गादीची घोंगडी

घोंगडीच्या उभ्या सुतांचा ताणा उन्हात ताणून बांधला होता आणि मंजुळाबाई कुंच्यानं त्याला चिंचोक्याची खळ लावत होती, तेवढ्यात तात्यासाहेबांची जीप अंगणापर्यंत आली. खळ लावायला घेतली की मध्येच हात थांबवता येत नाही. सूत एकमेकाला चिकटतं आणि मग दोरा न् दोरा सोडवत बसावं लागतं. तिनं मनगटानं पदर पुढं ओढला आणि कुंचा चालूच ठेवला. तिचा नवरा सोनाजी मात्र ताण्याचं दुसरं टोक सोडून धावला. जीपमधून कोणीही उतरलं की त्याची पाठ आपोआप वाकायची.

तात्यासाहेब पंचायत समितीचे सभापती. पुढच्या खेपेला आमदार व्हायचं म्हणून त्यांनी अंगात पांढरं आणि गळ्यात तुळशीची माळ, दोन्ही एकदमच घातली होती. सोनाजीनं बाज आणून टाकली. तात्यासाहेब बसायच्या आधी ड्रायव्हरनं तिच्यावर आपला टॉवेल पसरला. सोनाजीनं तांब्याभांडं पुढं केलं, ते त्यांनी हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. परवाच इथं लिंबेवाडीच्या पारावर त्यांनी ‘आपण सगळे एका ताटातले’ म्हणून तास-दीड तास भाषण केलं होतं. ताट कुणाचं ते सांगायचं राहिलं असावं.

“आप्पा, घोंगडी कुठवर आली?”

म्हातारे आप्पा, सोनाजीचे वडील, भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “खळ वाळली की मागावर चढंल.”

“एकादशीला झाली पायजे. मुंबईहून मंत्रीसाहेब येतेत. बद्रीनाथ महाराजांसारखा मानूस आपल्या मठाच्या गादीला मिळायलाय. बालब्रह्मचारी! बाईच्या सावलीला उभं राहत नाय मानूस.”

“बरं हाय की.”

“आन् आप्पा, तेवढं इचारायचं जरा आटपतं घ्या. तीन-तीन बारी कशाला? मंत्र्याला टाईम नसतो.”

आप्पांनी काठी उचलून मांडीवर घेतली.

हे ‘इचारायचं’ म्हणजे काय ते लिंबेवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मठाचे पहिले महाराज याच माळावर थंडीनं काकडत पडले होते, तेव्हा आप्पांच्या कुळातल्या कुण्या मेंढक्यानं त्यांच्या अंगावर आपली घोंगडी घातली. तेव्हापासून गादीवर बसणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी पडायची ती याच घरची, याच घरच्या हातानं. आणि घालायच्या आधी मेंढक्यानं लोकांकडं तोंड करून तीनदा विचारायचं, ‘या मानसाकडं कुनाचं काय मागनं हाय का?’ ज्याच्यावर कुणाचा हक्क उरलाय, तो देवाचा कसा होईल? मागच्या महाराजांच्या वेळी आप्पांनीच विचारलं होतं. तेव्हा पुंजाराम सुतार उठून म्हणाला होता, “यांनी माझा एक बैल नेलेला हाय.” महाराज उठले, अनवाणी घरी गेले, स्वतः बैल सोडून आणला, पुंजारामच्या हातात कासरा दिला आणि मग गादीवर बसले. मग मात्र त्यांचा शब्द गावानं मरेपर्यंत झेलला.

ते महाराज माघात वारले. मठाच्या माळाच्या एका अंगाला तोवर वाळूजच्या कंपन्यांची कुंपणं येऊन भिडली होती. पलीकडं बजाजनगरात रोज नवं घर उभं राहत होतं. माळाचं काय करायचं ते गादीवाल्यानं ठरवायचं, अशी मठाची रीत. गादीवर कोण बसतो यापेक्षा गादीखाली जमीन किती आहे याचीच तात्यासाहेबांना जास्त काळजी होती, आणि हे सगळ्या गावाला कळत होतं. कळून करायचं काय, हा प्रश्न होता.

“मेंढराचा माळ मेंढरालाच ऱ्हाईल,” तात्यासाहेब उठता उठता म्हणाले. “महाराजांचा शब्द हाय. तुमी तुमचं काम करा, आमी आमचं करतो.” त्यांनी खिशातून एक कॅसेट काढून सोनाजीच्या हातावर ठेवली. “ऐका. लई गोड वानी हाय.”

घरात टेप नव्हता. सोनाजीनं कॅसेट भिंतीतल्या देवळीत ठेवली, आणि खळीचं रिकामं भांडं ठेवायला आत आलेल्या मंजुळाबाईची नजर तिच्यावरच्या फोटोवर पडली. बुक्का, टाळ, मोठे पाणीदार डोळे, उजव्या भुवईत तुटलेली रेघ.  हाच फोटो, हीच कॅसेट तिनं आधी पाहिली होती.

दर हिवाळ्यात त्यांची मेंढरं गोदाकाठी जायची. तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंडीमुताचं खत रानाला, धान्य मेंढक्याला. यंदा खामपिंपरीत ज्या रानात मेंढरं बसली, त्या रानाच्या मालकाची बहीण सरूबाई. मेंढरांच्या वाड्यावर भाकरी घेऊन तीच यायची. भांगात कुंकू, पायात जोडवी, आणि नवरा कुठं विचारलं की ‘सुरतेला गिरणीत’ एवढंच. एकदा दोघी नदीवर गोधड्या धूत असताना तिनं कमरेच्या पिशवीतून ती कॅसेट काढली.

“हा माझा मालक,” ती म्हणाली होती. “सासू खाटेवर व्हती. आईला औषध घिऊन येतो म्हनला आन् गेला. मी दारातच उभी व्हते. सासू औषधाची वाट बघत बघत मेली. तिचं सगळं मीच केलं. मग बाजारात ही दिसली. टेप नाय घरात, पर फोटोसाठी घेतली.” मग तिनं मंजुळाबाईचा ओला हात आपल्या डोक्यावर ठेवला. “कुठं बोलू नगस बाई. भावाच्या दारात मी सुरतवाल्याची बायको म्हनून जगते. टाकलेली म्हनून कशी जगू?”

मंजुळाबाईनं शपथ घेतली होती. आणि आता सरूबाईच्या त्याच मालकाच्या खांद्यासाठी तिनं मेंढीच्या काळ्याभोर लोकरीचं सूत काढलं होतं, चिंचोके कुटले होते, खळ शिजवली होती.

जेवताना तिनं सोनाजीला सांगितलं. शपथेचं काय, असं मन म्हणत होतं; पण नवऱ्याला सांगितलं म्हणजे जगाला थोडंच सांगितलं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

सोनाजीचा घास हातातच राहिला. मग तो हळू आवाजात, दात खाऊन बोलला, “गप ऱ्हा. आईबापाची आन हाय तुला. त्यो ब्रह्मचारी असू नायतर बारा पोराचा बाप असू, आपल्याला काय करायचं? चैत हाय. माळ गेला तर मेंढरं काय बजाजनगरच्या नालीत चारायची?”

“आवं, पर आपल्याच हातानं—”

“आपल्या हातानं आपल्या पोटावर पाय द्यायचा का? साऱ्या गावाला तात्यासायबाचं ठावं हाय. कुनी बोललं का? मंग आपुनच काऊन?”

 सोनाजी वाईट माणूस नव्हता. माळावरचं गवत त्यानं पावलापावलानं ओळखलेलं. ते जाईल या धाकानं त्याचा जीव अर्धा झाला होता. तिला त्याची कीवही आली आणि रागही आला.

आता एकच माणूस उरला, आणि त्याच्याशी तिला बोलता येत नव्हतं. ती या घरात आल्यापासून सासऱ्यापुढं तिनं तोंड उघडलेलं नव्हतं. त्या घराची चालच तशी. आप्पांना काही हवं असलं तर ते हवेला सांगत, ‘पानी आना कुनीतरी’; आणि तिला काही कळवायचं असलं तर ती मांजराला, चुलीला, नाहीतर दावणीच्या मेंढीला सांगे. दोघांचं असं बरं चाललं होतं. मिठापासून मरणापर्यंतचे निरोप मेंढीमार्फत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सोनाजी मेंढरं घेऊन माळावर गेला. आप्पा सावलीला बसून चातीवर सूत कातत होते. मंजुळाबाई त्यांच्याकडं पाठ करून लंगड्या मेंढीच्या खुराला हळद-तेल लावायला बसली.

“बघ गं बाई,” ती मेंढीला म्हणाली, “तुझी लोकर कुनाच्या अंगावर चालली ते तरी ऐकून ठेव.”

तिनं सगळं सांगितलं. खामपिंपरी, नदी, औषध, खाटेवरची सासू, कॅसेट. शपथेचंही सांगितलं. सांगताना मेंढीचा खूर तिनं इतका घट्ट धरला की ती बिचारी ओरडली. मागं चातीचा आवाज थांबला होता. तिला वाटलं, आता म्हातारा काही बोलेल. आप्पा खोकले, काठी टेकत उठले आणि देवळाकडं चालते झाले.

संध्याकाळी चुलीपाशी ताट घेताना ते भिंतीकडं बघून म्हणाले, “घोंगडी एकादशीच्या आत पुरी करा.”

सोनाजीच्या चेहऱ्यावर हसू आलं. मंजुळाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हातारासुद्धा! ज्यानं बैलाची गोष्ट आयुष्यभर मिरवली, तोही माळाला विकला गेला. खायचे दात निराळे असतात ते काय नुसत्या पुढाऱ्यांनाच, असं तिच्या मनात आलं.

तरी ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. फणी ठोकताना ती मुद्दाम जोरात ठोकत होती. मांड्या भरून आल्या, बोटाच्या चिरांत खळ जाऊन झोंबू लागली. वीण तरी ढिली सोडावी, असं एकदा मनात आलं. पण हाताला ते जमेना. हात आपली सवय सोडेनात. घोंगडी अशी दाट उतरली की तिच्यावर पाणी ओतलं असतं तर वरच्या वर राहिलं असतं. तिचं तिलाच वाईट वाटलं.

एकादशीला मठापुढं मांडव उभा राहिला. कमानी, कर्णे, मोटारी. मंत्री आला नाही. त्याचा निरोप आला. तो येणार नाही हे तात्यासाहेबांना आधीच ठाऊक असावं, कारण त्यांनी त्याच्या खुर्चीवर लगेच स्वतःच बसून घेतलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मंजुळाबाई बायकांत पुढंच बसली होती, कारण घोंगडी विणणारीला तेवढा मान होता. शेजारी म्हातारी साळूबाई, पुंजारामची बायको, तोंडानं नामस्मरण आणि हातानं पंखा करत होती.

बद्रीनाथ महाराजांचं कीर्तन खरोखरच गोड होतं, खोटं कशाला बोला? आईच्या मायेवर बोलता बोलता त्यांचा कंठ दाटला. “आई आजारी असताना जो तिच्या उशाशी बसत नाही, त्याच्या हातचं फूल पांडुरंग घेत नाही,” असं ते म्हणाले आणि अर्धा मांडव रडला. मंजुळाबाईच्या डोळ्यांपुढं खाटेवरची ती कधी न पाहिलेली म्हातारी आली. तिच्या अंगाचा नुसता भडका झाला. पदराच्या आत तिनं आपलाच दंड नखांनी धरून ठेवला होता.

मग आप्पा वर चढले. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. तात्यासाहेबांनी पुढं होऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि माईक त्यांच्या तोंडापासून बाजूला केला. आप्पांना माईकची गरज नव्हती. सारा जन्म त्यांनी माळावरून मेंढरं हाकली होती.

“या मानसाकडं कुनाचं काय मागनं हाय का?”

 कुठंतरी एक लहान मूल किरकिरलं.

“या मानसाकडं कुनाचं काय मागनं हाय का?”

कोणी उठलं नाही. महाराजांनी हात जोडून मान झुकवली, घोंगडी पडायला सोपं जावं म्हणून खांदा थोडा पुढं केला. पुरुषांत बसलेल्या सोनाजीनं डोळे मिटून घेतले.

आप्पा बायकांच्या बाजूला वळले. त्यांनी मान खाली घातली नाही, भिंतीकडं पाहिलं नाही. सरळ तिच्याकडं पाहिलं.

“मंजुळा,” ते म्हणाले, “तिसरी बारी मी तुला इचारतो. ऊठ आन् बोल.”

आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यानं तिला नावानं हाक मारली होती.  साळूबाईनं तिच्या कोपराला धरलं, उठवायला की बसवायला ते कळलं नाही, पण ती उठली.

“हाय,” ती म्हणाली. आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाली, “मागनं हाय! खामपिंपरीच्या सरूबाईचं हाय. लग्नाची बायको हाय ती यांची. आईला औषध आनतो म्हनून गेले ते गेलेच. आई तशीच मेली. सरूबाईनं तिचं मरन केलं. ती अजून कुंकू लावती!”

मांडवात एकदम गलका उठला. तात्यासाहेबांनी माईक हिसकला. “कुनी शिकवून आनलं या बाईला? इरोधकाचा डाव हाय ह्यो!”

पण महाराज शांत होते. त्यांनी हात वर करून तात्यासाहेबांना थांबवलं आणि माईक घेतला. “माउली खरं बोलली,” ते म्हणाले. “होती बायको. होतं घर. ते सगळं सोडलं, म्हणून तर इथवर आलो. ज्याच्याजवळ काही नव्हतंच, त्याच्या सोडण्याला किंमत काय?”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! आधी पुढच्या दोन रांगांनी, मग सगळ्यांनी. कालचा बालब्रह्मचारी घडीभरात महात्यागी झाला, आणि कुणाच्या घशात काही अडकलं नाही. मंजुळाबाई तशीच उभी. आता बसावं की पळावं, तिला कळेना.

आप्पांनी टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली.

“महाराज,” ते म्हणाले, “सोडलं म्हनता. मी मेंढका मानूस, मला एवढंच सांगा. तिला इचारलं व्हतं का? ती ‘जा’ म्हनली व्हती का?”

महाराजांनी माईक खाली केला. मग तात्यासाहेबांकडं बघितलं. ते बघणं पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

“मंग ही घोंगडी मला घालता यायची नाय,” आप्पा म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. तात्यासाहेबांच्या एका माणसानं घोंगडीचं टोक धरून ओढलं. आप्पा कोलमडले, गुडघ्यावर आपटले. पण घोंगडी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, ती सुटली नाही. इतक्या लोकांसमोर म्हाताऱ्याला आणखी ओढणं बरं दिसलं नसतं. त्या माणसानं हात सोडला.

मग जीप शहरातल्या छावणीच्या बाजारात पिटाळली. तोवर लोकांना पंगतीला बसवलं. बुंदी खात लोक वाट बघत राहिले. जीप बाजारची घोंगडी घेऊन आली. तिच्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. तात्यासाहेबांनी ती स्वतःच्या हातानं महाराजांच्या खांद्यावर टाकली. कुणी काही विचारलं नाही. शंख वाजला, जयजयकार झाला आणि दर्शनाची रांग लागली.

मंजुळाबाई आप्पांच्या गुडघ्याला ओला फडका बांधत मांडवाबाहेर बसली होती. रांगेत तिला सगळं गाव दिसलं. आणि मग सोनाजी दिसला. रांगेत, हात जोडून. त्यानं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तात्यासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. तिनं मान फिरवली. तिला रडू आलं नाही, नुसतं तोंड कडू झालं.

दिवस कलला तेव्हा सोनाजी घरी आला. ओंजळीत बुंदीचा प्रसाद होता. त्यानं तो कुणाला दिला नाही, खालीही ठेवला नाही.

“माळ ऱ्हायला,” तो म्हणाला. “पायावर पडलो तवा ऱ्हायला. तात्यासायब एकच म्हनलेत. उद्या काल्याच्या कीर्तनात हिनं येऊन सांगायचं, ऐकण्यात चूक झाली. बायकोनंच खुशीनं ‘जा’ म्हनलं व्हतं. बस, एवढंच.”

आप्पा बाजेवर पडले होते. ते कोपरावर उठले. “मला नगं सांगू,” ते म्हणाले. “मंजुळा, तू सांग. तू काय म्हनती?”

आता तिला बोलायला मेंढी लागली नाही.  मांडवातून आल्यापासून आप्पांचा तो ‘तिला इचारलं व्हतं का’ हा प्रश्न तिच्या डोक्यात फिरत होता, आणि महाराजांना सोडून तो तिलाच येऊन डसला होता.

“चूक तर झालीच,” ती म्हणाली.

सोनाजीनं सुटकेचा श्वास घेतला.

“त्यानं सरूबाईला इचारलं नव्हतं. मंग मी तरी कुठं इचारलं?” तिनं आपला तळवा उलटून पाहिला. “तिनं माझा हात डोक्यावर घेतला व्हता. आन् मी चार गावाच्या मानसांत तिचं कुंकू मांडून बसले. आता ही गोष्ट बाजाराच्या मानसासंगं खामपिंपरीला जाईल. तिच्या भावजयीला दुसऱ्याच्या तोंडून कळंल.”

“मंग? म्हनूनच म्हनतो, उद्या सांगून टाक चूक झाली. तिचंही झाकंल, आपलंही भागंल.”

“खोट्यानं तिचं झाकायचं, तर त्याच्यात आन् माझ्यात काय फरक?” ती म्हणाली. “मला उद्या खामपिंपरीला जायचंय. दुसऱ्या कुनी सांगायच्या आधी मलाच तिच्यापुढं उभं ऱ्हायचंय. मेंढरं काढा माळावरून.”

सोनाजीच्या ओंजळीतली बुंदी खाली सांडली. “ऐन चैतात? आन् चारायचं कुठं?”

“गोदाकाठी. मिळंल तिथं. रोज हात पसरावा लागंल, तर पसरू.”

“आन् तिनं दारातच उभं केलं तर? म्हनली, काऊन बोललीस माझं?”

मंजुळाबाई गोधड्या गुंडाळायला लागली. तेच भय तिलाही होतं, आणि तात्यासाहेबांच्या भयापेक्षा ते कितीतरी मोठं होतं. आप्पा मात्र बाजेवरून पाय खाली सोडून जोडा चाचपायला लागले होते.

दिवस उगवायला मेंढरं माळावरून उतरली. आप्पांना तट्टावर बसवलं होतं. सोनाजी मागची मेंढरं हाकत होता. तो आला होता, पण बोलत नव्हता. मंजुळाबाई सगळ्यांच्या पुढं चालली होती, आणि सरूबाईला पहिलं वाक्य काय म्हणायचं ते तिला अजून सुचत नव्हतं.